तिरंगा घेतलेली मुखेडची ताई

बालमित्रांनो, आज गोष्ट सांगायच्या आधी एक खेळ खेळू या. अंगणात एक स्टूल ठेवा आणि त्यावर बसा. हातात रबरी चेंडू घ्या (दगड नको हं!). चेंडू मानेपाशी धरा आणि गोळाफेकीत ढकलतात तसा पुढे ढकला. एक अट आहे. दोन्ही पाय जमिनीपासून उचललेले हवेत. ते टेकवायचे नाहीत, ढुंगणही स्टुलावरून हलवायचं नाही.

किती लांब गेला? आता उभं राहून, पाय रोवून तोच चेंडू ढकला. पडला ना फरक? गोळाफेक हा हाताचा खेळ वाटतो खरा, पण निम्म्याहून जास्त काम पाय आणि कंबर करतात. जोर टाचेतून निघतो, कमरेतून वळतो आणि शेवटी मनगटात येतो.

मग ज्या माणसाचे पायच साथ देत नाहीत, त्यानं गोळा कसा फेकायचा?

याचं उत्तर आपल्या नांदेड जिल्ह्यातच आहे. लातूर जिल्ह्याला लागून मुखेड तालुका आहे, तो तुम्हाला ठाऊक असेलच. त्या तालुक्यात होनवडज नावाचं गाव आहे. भाग्यश्री जाधव ही त्या गावची लेक. वयानं ती तुमच्या आईएवढी असेल, पण आपण तिला भाग्यश्रीताई म्हणू या.

लहानपणी ताई तुमच्यासारखीच हिंडती-फिरती होती. २००६ साली तिला विषबाधा झाली. ती कोमात गेली, म्हणजे खोल बेशुद्धीत. जीव वाचला, पण पायातलं बळ गेलं. तेव्हा ती जेमतेम विशीतली होती. जरा विचार करा, काल विहिरीवर, शेतावर जाणारी मुलगी आणि आज खाटेवरून उठायलाही कुणीतरी हात द्यायला हवा. घरी येणारेजाणारे काय बोलत असतील ते सांगायला नको. आपल्याकडं अशा वेळी "बिचारी" म्हणायला माणसांना फार आवडतं.

पुढची बरीच वर्षं अशीच गेली. २०१७ च्या सुमारास ताई खेळाकडं वळली. म्हणजे बहुतेक खेळाडू निवृत्तीचा विचार करतात, त्या तिशीत हिची सुरुवात झाली!

आता तो बसून गोळा फेकण्याचा प्रकार नीट समजून घेऊ. दिव्यांग खेळाडूंचे गट पाडलेले असतात, कारण कुणाला दिसत नाही, कुणाचा हात नसतो, कुणाचे पाय चालत नाहीत. सगळ्यांना एका रांगेत उभं करून कसं चालेल? ताईचा गट एफ-३४. ज्यांच्या स्नायूंवर मेंदूचा ताबा नीट राहत नाही आणि त्याचा त्रास मुख्यतः पायांना होतो, असे खेळाडू या गटात येतात. हे सगळे बसून फेकतात. बसायला लोखंडी चौकटीची एक खास खुर्ची असते. बैठकीची उंची गादीसकट ७५ सेंटिमीटरच्या वर चालत नाही. ही खुर्ची मैदानावर पट्ट्यांनी घट्ट जखडतात आणि खेळाडूलाही पट्ट्यांनी तिच्यावर बांधतात. रिकाम्या हातानं धरायला एक उभा दांडा लावता येतो. सगळा खेळ त्या दांड्याच्या आधारानं! दांडा ओढायचा, धड वळवायचं आणि गोळा सोडायचा. त्या क्षणी बैठक जरा जरी उचलली गेली, तरी पंच लाल झेंडा दाखवतात आणि फेक बाद होते.

या गटात बायकांचा गोळा तीन किलोचा असतो. घरी तीन किलो ज्वारीची पिशवी असेल तर एका हातानं उचलून खांद्याशी धरून बघा. फेकू मात्र नका, आई रागावेल.

अशा रीतीनं फेकून ताई २०२१ साली थेट टोकियोच्या पॅरालिम्पिकला पोचली. ही स्पर्धा खरं तर २०२० ची, पण कोरोनामुळं एक वर्ष पुढं गेली. तिथं ताईची फेक पडली बरोब्बर ७ मीटर. म्हणजे जवळजवळ २३ फूट. तुमच्या वर्गाच्या एका भिंतीपाशी बसून टाकलेला गोळा बहुधा समोरच्या भिंतीवर आदळेल! जगात सातवा नंबर आला. सुवर्णपदक चीनच्या झोऊ लिजुआन हिनं नेलं, ९.१९ मीटर अशा नव्या विश्वविक्रमासह. दोघींमध्ये दोन मीटरहून जास्त अंतर होतं.

दोन मीटर म्हणजे थोडं वाटतं ना? बसून फेकणाऱ्याला एकेक सेंटिमीटर किती महाग पडतो, हे तुमच्या स्टुलानं तुम्हाला सांगितलंच आहे. तरी ताईनं तो मिळवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊ शहरात आशियाई पॅरा स्पर्धा झाल्या. तिथं ताईनं ७.५४ मीटर फेकून रौप्यपदक घेतलं. २०२४ च्या मे महिन्यात जपानमधल्या कोबे इथल्या जागतिक स्पर्धेत ७.५६ मीटर आणि पुन्हा रौप्य. दोन स्पर्धांमध्ये फरक फक्त दोन सेंटिमीटरचा. तुमच्या खोडरबराएवढा!

आणि मग आलं पॅरिस. २८ ऑगस्ट २०२४. पॅरालिम्पिकचं उद्घाटन पहिल्यांदाच स्टेडियमच्या बाहेर, शहराच्या मधोमध झालं. देशोदेशींचे खेळाडू पॅरिसच्या सर्वांत प्रसिद्ध रस्त्यावरून चालले होते. भारताचे ८४ खेळाडू या स्पर्धांना गेले होते. सर्वांत पुढं तिरंगा घेऊन दोघं होते. एक हरियाणाचा भालाफेकपटू सुमित अंतिल आणि दुसरी व्हीलचेअरवर बसलेली आपली भाग्यश्रीताई. होनवडजची लेक, आणि साऱ्या जगाच्या टीव्हीवर!

मला मात्र त्या वेळी आपल्या शाळांतला पी.टी.चा तास आठवला. वर्गात एखादा पाय अधू असलेला मुलगा किंवा मुलगी असते. सगळे मैदानावर पळतात आणि तिला सांगतात, "तू दप्तरं सांभाळ." सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण तिला कुणी विचारतच नाही, "तुला काय खेळायचंय?" पालकांनो, हे तुम्हीही वाचताय ना? चेंडू, स्टूल आणि मोजायला टेप. याहून जास्त सुरुवातीला काही लागत नाही.

बरं, पॅरिसमध्ये पुढं काय झालं? ४ सप्टेंबरला ताईचा सामना होता. या प्रकारात एकेक खेळाडू येऊन आपल्या फेका लागोपाठ टाकतो, कारण दर खेपेला खुर्ची बांधायची-सोडायची म्हणजे दिवस मावळेल. मधे दम खायला, चूक कुठं झाली याचा विचार करायला फारसा वेळ मिळत नाही. ताईची सर्वांत लांब फेक पडली ७.२८ मीटर. पाचवा नंबर. टोकियोहून दोन नंबर वर, पण पदक नाही. सुवर्ण पुन्हा झोऊ लिजुआनचंच, ९.१४ मीटर.

कोबेतल्या आपल्याच फेकीपेक्षा ताई या दिवशी २८ सेंटिमीटर कमी पडली होती. घरात मोठी पट्टी असेल तर तिच्यावर २८ चा आकडा शोधा. मे ते सप्टेंबर, चार महिन्यांत तेवढं हातचं निसटलं. खेळात असं होतं. काल जमलेलं आज जमत नाही, अगदी झेंडा घेऊन आलेल्यालाही.

तर तुमचा चेंडू स्टुलावरून किती लांब गेला, ते मोजून आम्हाला पत्रानं कळवा. आणि काय रे, खरं सांगा, पाय उचललेलेच होते ना?