किल्लीला हात लावू नका!

पेट्रोल पंपावर गाडी थांबली की पहिलं वाक्य कोणतं ऐकू येतं? ‘झीरो बघा, साहेब!’ आमच्या मामांनीही झीरो अगदी डोळे ताणून बघितला. बघायचं राहिलं ते मशिनवरचं नाव.

आम्ही पुण्याहून साताऱ्याला लग्नाला निघालो होतो. मामांची गाडी डिझेलची, घेऊन जेमतेम महिना झालेला. त्याआधी दहा वर्षं त्यांच्याकडे पेट्रोलची गाडी. सवयीनं पेट्रोलच्या मशिनपाशीच गाडी लावून मामा म्हणाले, ‘हजाराचं टाका.’ पंपावरच्या मुलानं नळी टाकीत सोडली. मागच्या सीटवरून सहावीतला चिन्मय म्हणाला, ‘बाबा, तिथे पेट्रोल लिहिलंय.’

‘गप रे! मध्ये मध्ये बोलू नकोस.’

चूक कळली ती पावती हातात आल्यावर. गाडी निदान बाजूला तरी घ्यावी म्हणून मामा किल्ली फिरवणार, तोच पंपावरचे एक वयस्कर काका ओरडत धावले, ‘किल्लीला हात लावू नका!’

आता तुम्ही म्हणाल, दोन्ही खनिज तेलातूनच निघतात ना? निघतात, पण स्वभाव अगदी उलटे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड तापतं की नाही? हवा दाबली की तापते. जर्मनीच्या रुडॉल्फ डिझेल या इंजिनियरनं १८९७ साली यशस्वी करून दाखवलेलं इंजिन याच युक्तीवर चालतं. आतली हवा मूळ जागेच्या सुमारे सोळाव्या हिश्श्यात कोंबली जाते, ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा उडाला की तो आपोआप पेटतो. पेट्रोलच्या इंजिनात मात्र स्पार्क प्लगची ठिणगी पेटवते. ठिणगीआधीच भडका उडू नये म्हणून पेट्रोल दाबाखाली सहज न पेटणारं असंच बनवतात. म्हणजे तिथला गुण तो इथला अवगुण!

पण काकांना भीती वेगळीच होती. डिझेल तेलकट असतं. इंजिनाकडे इंधन ढकलणाऱ्या पंपाला वंगण तेच पुरवतं. पेट्रोल हे वंगण धुऊन टाकतं. मग धातूवर धातू घासतो, बारीक कीस निघतो आणि थेट फवारे मारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत जातो. त्या दुरुस्तीचा खर्च विचारूच नका! पुष्कळ गाड्यांत इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली तरी टाकीतला पंप चालू होतो.

(उलटी चूक कमी होते, कारण डिझेलची नळी सहसा जाड असते आणि पेट्रोल गाडीच्या टाकीच्या तोंडात शिरत नाही.)

मग काय, पैठण्या-झब्बे घालून आम्ही सगळ्यांनी गाडी ढकलली. ‘तुम्ही सांगितलं नाहीत’, ‘तुम्ही विचारलं नाहीत’ हा वाद चालूच होता. मेकॅनिकनं टाकी रिकामी केली, नळ्या साफ केल्या, फिल्टर बदलला. तीन तास गेले. मुहूर्त चुकला, पण शेवटची पंगत मिळाली.

परतताना पुन्हा पंप आला. मामा म्हणाले, ‘चिन्मय, उतर. वाच काय लिहिलंय ते.’

‘डिझेल,’ चिन्मय म्हणाला. मग जरा थांबून, ‘आणि झीरोपण आहे.’