जॅकेट नंतर, आधी बूट: ऑफ-रोड गियर कसं घ्यायचं आणि पावसाळ्यात कसं टिकवायचं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. ऑफ-रोड सुरू करणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, "जॅकेट कुठलं घेऊ?" मीही हाच विचारला होता.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. पौडवरून कोळवणला आलो आणि हाडशीच्या अलीकडे एका कच्च्या वाटेला लागलो. वेग असेल पंधरा-वीसचा. शेवाळलेल्या कातळावर पुढचं चाक सटकलं, गाडी डावीकडे आडवी आणि माझा पाय तिच्याखाली. अंगात महागडं जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, पायात मात्र ट्रेकिंगचे शूज. जॅकेटवर एक ओरखडा नाही, पण घोटा सहा आठवडे प्लास्टरमध्ये. खाचरातून दोन काका धावत आले, त्यांनीच गाडी उचलली. त्यातले एक म्हणाले, "गाडीला लोखंडी गार्ड लावलाय, आन् पायाला कायच न्हाय व्हय?"

काय उत्तर देणार! हायवेवर माणूस वेगात पडतो आणि डांबरावर घसरत जातो, तिथे घासणं वाचवणारं जॅकेट लागतं. कच्च्या वाटेवर आपण हळू पडतो, पण सारखे पडतो. दगडावर गुडघा आपटतो, पाय पिरगळतो, वर गाडी येते. म्हणून हेल्मेट तर हवंच, पण त्यानंतरचा पैसा आधी बुटांवर, मग गुडघ्यांवर. छाती, पाठ, कोपर त्यानंतर.

बूट नडगीपर्यंत उंच, बाहेरून कडक कवच आणि बकल असलेले घ्या. दुकानात एक साधी परीक्षा करा. एका हातात टाच, दुसऱ्या हातात चवडा धरा आणि ओलं फडकं पिळतो तसं पिळा. सहज पिळला गेला तर तुमचा घोटाही तसाच पिळला जाणार, जागेवर ठेवून द्या. नवीन बुटात सुरुवातीला गियर लागलेला कळतच नाही. वैतागू नका, गियर लिव्हर थोडी वर करून घ्या.

आता पॅड. आतल्या पॅडवर छापलेलं वाचा. हात-पायांसाठी ईएन १६२१-१ हे युरोपियन मानक आहे. पॅडवर ५० ज्यूलचा आघात करतात, म्हणजे साधारण ५ किलोचं वजन १ मीटरवरून टाकल्यासारखा. पलीकडे सरासरी किती बल पोचलं ते मोजतात. लेव्हल १ ला मर्यादा ३५ किलोन्यूटन, लेव्हल २ ला २०. आकडा कमी तेवढं चांगलं. पाठीसाठी ईएन १६२१-२ वेगळं आहे, तिथे हेच आकडे १८ आणि ९. बऱ्याच जॅकेटांच्या पाठीत नुसता फोमचा तुकडा असतो, त्यावर काहीच छापलेलं नसतं. तो पाठीचा गार्ड नाही, गादी आहे. काही मऊ पॅड उन्हात आणखी मऊ पडतात. 'टी प्लस' लिहिलेलं असेल तर ते ४० अंशांनाही तपासलेलं असतं. आपल्या एप्रिल-मेसाठी कामाचं.

हेल्मेटवर आयएसआय मार्क बघाच. लांब चोचीचं मोटोक्रॉस हेल्मेट दिसायला भारी, पण चांदणी चौक ते कोळवण डांबरीच आहे आणि वेगात ती चोच वाऱ्याने मान ओढते. आपल्याला काच असलेलं ड्युअल-स्पोर्ट बरं.

घेणं सोपं, टिकवणं अवघड. मुळशीच्या पावसात गियर पडून फाटण्याआधी बुरशीने जातं. मी एकदा ओले बूट बॅगेतच विसरलो, चौथ्या दिवशी आत पांढरी लव. चिखल त्याच दिवशी धुवा, वाळला की बकलात सिमेंटसारखा बसतो. जुना टूथब्रश घ्या. आतला सोल काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला आणि पंख्याखाली ठेवा. गॅसजवळ किंवा कडक उन्हात नको, गोंद सुटतो. जॅकेट धुताना पॅड काढा, वेल्क्रो बंद करा, नाहीतर जाळी उसवते. फॅब्रिक सॉफ्टनर टाळा. हेल्मेटच्या आतलं कापड सौम्य शॅम्पूने धुवा आणि डाग काढायला पेट्रोल किंवा थिनर कधीच लावू नका, कवच कमकुवत होतं. गॉगलवरचा चिखल बोटाने पुसू नका, पाणी ओता. एका पुसण्यात काच कायमची धुरकट होते.

आणि हो, जुलैत भातलावणी चालू असते. बांधावरून गाडी घालू नका. पडलो तर उचलायला तेच काका येणार आहेत.

बजेट कमी असेल तर बूट सेकंडहँड चालतील, बकल आणि टाच बघून घ्या. हेल्मेट मात्र कधीच सेकंडहँड नको. आतला थर्माकोल एकदाच दबण्यासाठी असतो आणि तो आधी दबलाय का, हे बाहेरून दिसत नाही.