प्रोस्टेटची गाठ : आजच ऑपरेशन, की नजर ठेवायची?



ऊसलागण, खताचे हप्ते, तोडीची पाळी याबद्दल आपण या पत्रिकेत नेहमी वाचता. या खेपेस कुंभार पिंपळगाव परिसरातील साठी ओलांडलेल्या सभासदांसाठी एक नाजूक विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

रात्री चारदा लघवीला उठावे लागते, धार बारीक होते. म्हातारपणच ते, म्हणून माणूस अंगावर काढतो. बहुतेकांची ती वयाबरोबर झालेली साधी वाढ असते. पण रक्तातले पीएसए वाढलेले निघाले आणि तुकडा तपासणीत कॅन्सर सापडला, की घर हादरते. 'रान गहाण टाका, पण उद्याच ऑपरेशन करा,' असा धोशा सुरू होतो.

इथे थोडा दम धरावा. गाठ ग्रंथीच्या बाहेर गेलेली नसेल व सौम्य जातीची असेल (अहवालात ग्लीसन ६), तर ती बहुधा फार सावकाश वाढते. अशा वेळी पुष्कळदा डॉक्टरच नजर ठेवायला सांगतात.

ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ या काळात १६४३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले : कुणाला देखरेख, कुणाला ऑपरेशन, कुणाला किरणोपचार. पंधरा वर्षांचा हिशेब २०२३ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत या कॅन्सरने दगावलेले शंभरात तीनच्या आसपास. मात्र रोग शरीरात इतरत्र पसरला तो देखरेखीत शंभरात नऊ जणांना, उपचार घेतलेल्यांत पाच जणांना. देखरेखीतल्या शंभरांपैकी एकसष्टांना पुढे उपचार घ्यावेच लागले.

उलट बाजूही पाहावी. ऑपरेशननंतर लघवी ठिबकणे, पुरुषत्वात उणेपणा येणे, किरणांनंतर शौचाचा त्रास, हे भोग वाट्याला येऊ शकतात.

देखरेख म्हणजे घरी बसणे नव्हे. एकदा ब्रिक्स पाहून आपण तोड ठरवीत नाही, तसेच हे. तीन ते सहा महिन्यांनी पीएसए, सांगितले तेव्हा एमआरआय व पुन्हा तुकडा तपासणी. गाळप चालू आहे, पाण्याची पाळी आली आहे, म्हणून तारीख चुकवली तर देखरेख मोडली. एवढे जमणार नसेल तर डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगावे. ते उपचाराचा विचार करतील.

ग्लीसन ८ ते १० असेल किंवा रोग हाडात गेला असेल, तर मात्र नुसती वाट पाहू नये.

छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी तिथेच करावी. जाताना सगळे कागद व घरचे एक माणूस बरोबर न्यावे. ग्लीसन किती, गाठ बाहेर गेली का, थांबलो तर धोका किती, हे तीन प्रश्न न लाजता विचारावेत. मग घरी कारभारणीशी, मुलांशी बोलून काय ते ठरवावे.