नऊ वाजता घ्यायचं रक्त

सकाळी ५:४५
घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेणाऱ्या ताई घरीच पेटी भरतात. आज मी त्यांच्यासोबत आहे. बर्फाच्या थैल्या, सुया, स्पिरिटचा कापूस, दंडाला बांधायचा पट्टा, रंगीत टोपणांच्या नळ्या. जांभळी हिमोग्लोबिनला, राखाडी साखरेला, लाल थायरॉइडला. ताईंचे वडील गोंदियाहून छत्तीसगडातल्या भिलाईच्या कारखान्यात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दारोदार हिंदी. भिलाईतल्या कोहका भागातल्या लॅबचा पगार ११,००० रुपये. घरी जाऊन रक्त घेतलं की फेरीमागे ४० वर. पेट्रोल स्वतःचं.

६:२०
रात्रपाळी करून आलेला ठेकेदाराकडचा कामगार. उपाशीपोटीची साखर तपासायची, पण गडी गेटवर चहा पिऊन आलेला. ‘उद्या येते भैया, घरी येईपर्यंत काही घेऊ नका.’ ४० रुपये बुडाले.

७:३०
हाउसिंग बोर्ड वसाहतीतली एक तरुण मुलगी. चिठ्ठीवर थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन. झोप नाही, कशात मन लागत नाही. हीच मरगळ थायरॉइड बिघडल्यानं किंवा बी-१२ कमी पडल्यानंही येते, म्हणून डॉक्टर आधी ते पाहून घेतात. शीर बारीक आहे. ताई घाई करत नाहीत. कोपराच्या खळग्यात बोटानं चाचपतात, पट्टा सोडून पुन्हा बांधतात. सुई एकदाच टोचते. आधी लाल नळी, मग जांभळी. जांभळी हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटसुलट करायची. जोरात हलवली की रक्तपेशी फुटतात.

९:००
आजची महत्त्वाची भेट. बायपोलर आजारासाठी लिथियम घेणारे एक काका. ‘रात्रीची गोळी किती वाजता?’ ‘नऊ.’ ‘सकाळची?’ ‘ठेवलीय.’ लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी मोजतात. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विषबाधा. आत्महत्येचा धोका कमी करण्यात हे औषध खरंच कामी येतं. ताई मला हिरव्या टोपणाची नळी दाखवतात. रक्त गोठू नये म्हणून हिच्यात बहुतेक वेळा लिथियमचाच क्षार घातलेला असतो. काकांचं रक्त हिच्यात गेलं तर आकडा फुगेल. म्हणून लाल.

काकू दारापर्यंत येतात. ‘ते तसले विचार पुन्हा येतायत का, हे रक्तात कळतं का गं?’
‘नाही काकू. ते त्यांनाच विचारायचं. सरळ विचारायचं.’ चिठ्ठीच्या मागे ताई १४४१६ लिहून देतात. हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा नंबर. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत.

११:१५
लॅब. सेंट्रिफ्यूज घरघरतंय. काकूंच्या प्रश्नावर जगात काम चाललेलं आहे. २०१३ साली अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातल्या अलेक्झांडर निकुलेस्कू यांच्या गटानं बायपोलर असलेल्या पुरुषांचं रक्त पुन्हापुन्हा तपासलं. आत्महत्येचे विचार नव्हते तेव्हाचं आणि तीव्र होते तेव्हाचं. त्याच माणसाच्या रक्तात कुठल्या जनुकांचा आरएनए वाढला, कुठल्यांचा घटला, ते पाहिलं. मग आत्महत्येनं गेलेल्यांच्या रक्ताशी ताडलं. एसएटी१ या जनुकाची खूण ठळक निघाली. माणसं थोडी होती. पुढे मोठे गट घेतले, स्त्रियांचेही, आणि रक्ताला प्रश्नावलीची जोड दिली.

पण आरएनए नाजूक. साध्या नळीत रक्त घेतलं की काही तासांत त्याचं चित्र बदलतं. त्यासाठी आरएनए जपणारं रसायन भरलेली वेगळी नळी लागते, पुढे गोठवून ठेवण्याची सोय लागते. ताईंच्या पेटीत तशी नळी नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती तपासणी नाही. ती तपासणी इथं यायला हवी, असं मला वाटतं. २०२२ मध्ये छत्तीसगडात लाखामागे २८.२ आत्महत्या नोंदल्या गेल्या. देशाचा आकडा १२.४. अशी तपासणी सगळ्यात आधी कुठे पोचायला हवी, हे त्यावरून दिसतं.

दुपारी १:३०
डब्यात भात आणि चण्याची भाजी. वापरलेल्या सुया पांढऱ्या जाड डब्यात गेल्या.

४:३०
रिपोर्ट आले. मुलीचं थायरॉइड ठीक, बी-१२ कमी. काकांचं लिथियम ०.७, हवं तेवढं. ताई दोन्ही रिपोर्ट मोबाइलवर पाठवतात आणि काकूंना फोन लावतात. ‘डॉक्टरांना दाखवा. गोळी मनानं कमी-जास्त करू नका. आणि उन्हाळा लागलाय, त्यांना पाणी भरपूर द्या. घामानं पाणी कमी पडलं की लिथियम चढतं.’

५:१५
आजच्या फेऱ्यांचे २८० रुपये वहीत मांडले. त्यातले १०० रुपये पेट्रोलला.