केसाहून बारीक वस्तू लेझरने बनतात, पण त्या टिकतात किती? समजून घ्या सोप्या भाषेत

नांदेड/लातूर : दातात सिमेंट भरलं की डॉक्टर त्यावर निळा लाईट धरतात. काही सेकंदांत मऊ लगदा कडक होतो. याच तत्त्वावर आता लेझरने केसाहून बारीक वस्तू बनवल्या जातात. मात्र वस्तू छापून झाली म्हणजे ती पक्की झाली, असं नसतं. ते का, हे पाहू.

नेमकं करतात काय?

रेझीन नावाचं एक दाट, चिकट द्रव असतं. त्यावर लेझरचा बारीक ठिपका पडला की तिथले सुटे रेणू एकमेकांना साखळीसारखे धरतात आणि तेवढाच भाग घट्ट होतो. रेघेला रेघ, थरावर थर असं करत वस्तू उभी राहते. उरलेलं द्रव शेवटी धुऊन काढतात. थ्रीडी प्रिंटिंगचाच हा एक प्रकार.

माणसाचा केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जपानमध्ये ओसाका विद्यापीठातील सातोशी कावाता यांच्या गटाने २००१ मध्ये लेझरने एक बैल घडवला होता, लांबी फक्त १० मायक्रॉन! पोळ्याच्या मातीच्या बैलांसारखे असे १०० बैल एका रांगेत लावले, तर कुठे एक मिलिमीटर भरेल.

माती एकच, भाजणी वेगळी

वीटभट्टीत कडेची वीट कच्ची राहते, आतली पक्की भाजते. माती मात्र दोन्हींची एकच. रेझीनचंही तसंच आहे. लेझरची ताकद कमी पडली किंवा तो घाईने फिरवला, तर साखळ्या अर्धवट जुळतात. वस्तू रबरासारखी मऊ राहते, धुताना वाकते, सुकताना आक्रसते. प्रकाश पुरेसा मिळाला तर ती कडक होते. पण अति झालं तर रेझीन आतून उकळतं, बुडबुडे धरतात आणि वस्तू बिघडते. म्हणून रेझीनच्या डब्यावर लिहिलेल्या मजबुतीच्या आकड्यावर इथे भागत नाही.

दुसरी गोष्ट सांध्याची. दोन रेघांमध्ये किंवा दोन थरांमध्ये अंतर जास्त राहिलं, तर पकड सैल होते. अशी वस्तू एका बाजूने दाबली तर टिकते, दुसऱ्या बाजूने ओढली तर उकलते. हा धडा मराठवाड्याला नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात घरांचे दगड कठीणच होते, पण मातीत रचलेल्या जाड भिंतींचा सांधा सुटला आणि हजारो माणसं त्याखाली गेली.

मजबुती मोजतात कशी?

एवढी बारीक वस्तू हाताने वाकवून बघता येत नाही. त्यासाठी हिऱ्याचं अतिशय बारीक टोक तिच्यावर दाबतात. किती जोर लावल्यावर ते किती आत रुतलं, यावरून कडकपणा काढतात. बारीक खांब तयार करून ते मोडेपर्यंत दाबूनही पाहतात.

यात एक नवल आहे. जर्मनीतील कार्ल्सरूहच्या संशोधकांनी लेझरने बनवलेली जाळी हवेशिवाय सुमारे ९०० अंशांवर तापवली. ती आक्रसून मूळ आकाराच्या पाचव्या हिश्शापर्यंत आली आणि काचेसारखा कार्बन झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात ही इवलीशी जाळी कमालीची मजबूत निघाली. कारण वस्तू जितकी बारीक, तितकी तिच्यात मोठी भेग असायला जागाच कमी.

आपल्याकडे काय चाललंय?

आयआयटी मुंबईत प्रा. प्रसन्न गांधी यांच्या गटाने लेझरने रेझीन कडक करून सूक्ष्म भाग बनवण्यावर काम केलं आहे. त्यांच्या एका पद्धतीत थर रचतच नाहीत. लेझरचा प्रकाश जागोजागी कमी-जास्त करून रेझीन किती खोलवर कडक व्हावं, हे ठरवतात. म्हणजे प्रकाशाची मात्रा हेच इथलं मुख्य हत्यार.

उपयोग कुठे?

कातडीत अलगद शिरून औषध सोडणाऱ्या सूक्ष्म सुया अशा पद्धतीने बनवण्यावर संशोधन सुरू आहे. त्यात सुई वाकली तर औषध आत जाणार नाही, तुटली तर तुकडा आत राहील. एका सुईची मजबुती म्हणजे थेट रुग्णाचा प्रश्न.

विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी संस्थेत किंवा लातूरच्या तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलांनी थ्रीडी प्रिंटरवर काही बनवलं, तर आकार बरोबर आला यावर थांबू नये. प्रकाश किती दिला, थर कोणत्या दिशेने रचले, धुतल्यावर पुन्हा लाईट दाखवला का, हे वहीत लिहून ठेवावं. आणि तयार तुकडा एकदा मोडून बघावा.