पानांवरची ठेव

दुकान उघडताच गादीवरची धूळ झटकणे हा आम्हां व्यापाऱ्यांचा दिवसाचा पहिला व्यवहार होय. ही धूळ, गाड्यांचा धूर आणि कोळसा जळून निघणारा गंधकाचा वायू ह्यांतील काही वाटा मात्र दुकानात येण्याआधीच झाडांनी उचललेला असतो.

वारा झाडांच्या शेंड्यांत शिरला की मंदावतो, आणि त्याच्यासवे आलेले कण पानांवर टेकतात. वायू पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून आत जातात. खरखरीत, लवदार पान गुळगुळीत पानापेक्षा अधिक धूळ धरते. वनाच्या गाभ्यापेक्षा वाऱ्याच्या तोंडी उभी असलेली कड अधिक भार सोसते. परंतु झाडाने घेतले म्हणजे ते नाहीसे झाले, असे समजणे चुकीचे आहे. पाऊस पाने धुतो आणि सारे जमिनीत उतरते. युरोपातील सूचिपर्णी वनांत झाडांखाली ठिबकणारे पाणी तपासले असता, उघड्यावरील पावसाच्या पाण्यापेक्षा त्यात गंधकाचे क्षार अधिक आढळले. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेली, इतकेच.

भोपाळच्या आसपासची सागवने पानझडी आहेत. उन्हाळ्यात धूळ उडते तेव्हाच साग उघडा असतो. म्हणून शहरात वड, आंबा, जांभूळ ह्यांचे मोल विशेष.

पानांच्या सोसण्यासही सीमा आहे, हे ह्या नगराइतके कोणास ठाऊक असावे? १९८४ च्या डिसेंबरात, २ व ३ तारखांच्या मधल्या रात्री, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. हजारो माणसे दगावली. कारखान्याजवळच्या झाडांची पाने करपून गळाली. अशा विषापुढे कोणतीही वृक्षराजी ढाल होऊ शकत नाही. रोजच्या धुळीपुरताच तिचा भरवसा.

पण तो रोजचा भरवसाही लहान नाही. २०२४ च्या जूनमध्ये शिवाजीनगर व तुळशीनगर भागांतील सुमारे २९ हजार झाडे नव्या निवासांसाठी तोडण्याची योजना निघाली, तेव्हा नागरिक रस्त्यावर उतरले आणि ती मागे घेण्यात आली. तोडलेल्या झाडाऐवजी रोप लावता येते. परंतु तेवढा पर्णसंभार यायला दशके जातात.

आमच्याच ओळीतील एका बंधूने पाटी दिसेना म्हणून दारातला कडुनिंब उतरवला. पाटी आता लांबूनही दिसते. मात्र दुपारी तेथे ताडपत्री ताणावी लागते, आणि मालावरचे फडके दिवसातून दोनदा झटकावे लागते.