प्रकीर्ण प्रकाशाची साक्ष : एका हस्तलिखिताचा निळा रंग

हस्तलिखित हे संहितेचे वाहन असते, तसाच तो एक घन पदार्थही असतो. त्यातील रंगकणांची अंतर्गत रचना डोळ्यांना दिसत नाही. पृष्ठ न खरवडता ती जाणून घेण्याचे एक साधन म्हणजे प्रकाशाचे प्रकीर्णन.

पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाशझोत टाकला असता विखुरलेला बहुतेक प्रकाश मूळ कंप्रतेनेच परततो. अत्यल्प अंशाची कंप्रता मात्र बदललेली असते. कारण पदार्थातील अणूंच्या कंपनांशी त्याने ऊर्जेची देवघेव केलेली असते. हा परिणाम १९२८ मध्ये कोलकात्यात चं. वें. रामन व के. एस. कृष्णन यांना द्रवांमध्ये, तर मॉस्कोत लांड्सबेर्ग व मांडेलश्टाम यांना क्वार्ट्झच्या स्फटिकात, स्वतंत्रपणे आढळला. हिरा आणि ग्राफाइट ही दोन्ही कार्बनचीच रूपे. पण हिऱ्याची रेषा १३३२ प्रति सेंटिमीटरपाशी, तर ग्राफाइटची एक प्रमुख रेषा १५८०च्या आसपास दिसते. द्रव्य तेच, बांधणी वेगळी, म्हणून साक्षही वेगळी.

इ. स. ७००च्या सुमाराचे, उत्तर इंग्लंडमधील ‘लिंडिसफार्न गॉस्पेल्स’ हे हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातील निळा रंग लाजवर्द या खनिजाचा असल्याचे विसाव्या शतकात प्रतिपादिले गेले होते. लाजवर्दाची प्रसिद्ध खाण अफगाणिस्तानातील बदख्शानची. साहजिकच एका दूरच्या व्यापारसंबंधाची कल्पना त्यावर उभी राहिली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रामन सूक्ष्मदर्शकीय अभ्यासात मात्र त्या निळ्या रंगात लाजवर्द सापडला नाही. सापडली ती नीळ. त्या कल्पनेचा आधारच नाहीसा झाला.

मग ही नीळ भारतातून गेली असेल काय? येथे भारतीय अभ्यासकाला मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु युरोपातील वोड या वनस्पतीपासूनही नीळ मिळते, आणि दोन्हींतील रंगद्रव्याचा रेणू एकच असल्याने त्यांचा रामन वर्णपटही सारखाच येतो. येथे प्रकाशाची साक्ष संपते. उगमाचा निर्णय व्यापाराच्या आणि वनस्पतींच्या इतिहासाकडे सोपवावा लागतो. त्या दृष्टीने स्थानिक वोडची शक्यता अधिक ठरते.

तौलनिक साहित्याभ्यासात साम्यावरून संबंध आणि संबंधावरून प्रभाव असे अनुमान आपण नित्य करतो. वरवरचे साम्य अंतर्गत रचनेच्या परीक्षेत टिकेलच असे नाही, हा या उदाहरणाचा पहिला बोध. दुसरा अधिक कठीण आहे : रचना तंतोतंत जुळली तरी उगम एकच होता, हे तेवढ्याने सिद्ध होत नाही.